घरी परतल्यानंतर

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातून पुणे-नाशिक महामार्ग जातो. पाळी सुटण्याच्या वेळी तेथे दुचाकी आणि अवजड कंटेनर एकाच गर्दीत असतात. डोक्याला मार लागून येणारे पुष्कळसे रुग्ण तरुण व कमावते असतात. रस्ते अपघातातील जखमींसाठी 2025 मध्ये केंद्र शासनाने पहिल्या सात दिवसांकरिता दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. प्राण वाचविण्यासाठी ही मदत मोलाची आहे. मेंदूची इजा मात्र सात दिवसांत संपत नाही. ती रुग्णाबरोबर घरी येते.

असा माणूस चालतो, बोलतो, पाहुण्यांना ओळखतो. पण सांगितल्याखेरीज आंघोळीला उठत नाही, चहाचे आधण ठेवून गॅस विसरतो. घरच्यांना वाटते, हा आळशी झाला, हट्टी झाला. वस्तुतः कामाला आरंभ करणे, त्याचा क्रम राखणे, लक्ष टिकविणे ही मेंदूचीच कार्ये होत, आणि तीच दुखावलेली असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नमूद आहेत. मेंदूची इजा हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. त्यामुळे हातपाय धड असलेल्या अशा रुग्णाची अडचण प्रमाणपत्रातही सहजी उमटत नाही.

उपाय साधे आहेत; सातत्य मात्र हवे. आंघोळीच्या पायऱ्यांची चित्रे मोरीच्या भिंतीवर लावावीत. औषधे, चष्मा, किल्ली यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. सूचना एका वेळी एकच द्यावी. एक हात अधू असेल, तर सदरा घालताना आधी तो हात घालावा व काढताना धड हात आधी काढावा. रुग्णाचे काम आपण उरकून टाकण्यापेक्षा त्याला दहा मिनिटे अधिक द्यावीत.

परंतु चिखली-म्हाळुंगे परिसरात एका खोलीत राहणाऱ्या, आप्तस्वकीय दूर मराठवाड्यात वा परराज्यात असलेल्या कुटुंबाला हे शिकविणार कोण? पत्नीने कामावर जावे, की पतीजवळ थांबावे? म्हणून व्यवसायोपचार तज्ज्ञाने रुग्णाच्या घरी, त्याच्याच शेगडीपुढे जाऊन शिकविणे आम्हांस अत्यावश्यक वाटते. यंत्रसामग्रीवर देणगीदाराचे नाव कोरता येते. गृहभेटीवर ते कोरता येत नाही. तथापि एखादा रुग्ण स्वतःच्या सदऱ्याची गुंडी स्वतः लावू लागतो, तेव्हा घरातील दुसऱ्या माणसाचे हात कमाईसाठी मोकळे होतात. आपल्या देणगीचा काही अंश या कामासाठी राखून ठेवावा, ही आपणांस नम्र विनंती.