नकाशातला ‘ताण’ आणि शेतातला ताण



मी साहित्याचा प्राध्यापक. उपग्रह आणि शेती या विषयावर मी बोलावे, अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. पण गेल्या वर्षी आमच्या शेतात जे घडले, तो मला भाषेचाच प्रश्न वाटतो. म्हणून तो या व्यासपीठावर मांडतो.

आमचे शेत चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. तीन एकर ऊस. शेती माझा पुतण्या पाहतो. त्याने मोबाइलवर पीकसल्ल्याची एक सेवा घेतली आणि भाषा मराठी निवडली. या सेवेमागचे शास्त्र सोपे आहे. निरोगी पान सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठवते. या दोहोंतल्या फरकावरून पिकाचा जोम कळतो. युरोपचे ‘सेंटिनेल-२’ मालिकेतले उपग्रह, आभाळ मोकळे असेल तर, साधारण दर ५ दिवसांनी आपल्या शेताचे चित्र घेतात. चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा. आपल्या हिशेबात जवळजवळ एक गुंठा! सबंध शेताला सरसकट पाणी आणि खत देण्याऐवजी गुंठ्यागुंठ्याची गरज पाहावी, हा या काटेकोर शेतीचा विचार. तो मला मनापासून पटतो.

एके दिवशी पुतण्याच्या नकाशावर खालच्या अंगाचा तुकडा लाल दिसला. खाली संदेश होता : ‘पिकावर ताण आढळला आहे.’ त्याने लगेच मोटार सुरू केली आणि रात्रभर त्या तुकड्याला पाणी सोडले.

सकाळी माझे वडील बांधावर गेले. आबांचे वय ८४. ते एवढेच म्हणाले, “आरं बाळा, तितं ताण न्हाई, चोपण हाय. पानी कशाला सोडलंस?”

तिथे आधीच पाण्याचा निचरा होत नव्हता. मुळे गुदमरली होती, म्हणून ऊस फिका पडला होता. त्यात आम्ही आणखी पाणी भरले.

चूक कोणाची? संदेश लिहिणाऱ्याने इंग्रजी ‘स्ट्रेस’ला ‘ताण’ हा प्रतिशब्द दिला. कोशात तो बरोबरच आहे. शास्त्रज्ञाच्या ‘स्ट्रेस’मध्ये कीड, रोग, क्षार, अन्नद्रव्यांची कमतरता, साठलेले पाणी असे सगळेच येते. शेतकऱ्याच्या मराठीत मात्र ताण म्हणजे पाण्याची ओढ. डाळिंबाला बहारासाठी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. पुतण्याने संदेश नीट वाचला आणि त्याला तो नीट कळलाही. कळला तो आपल्या बोलीत, एवढेच.

मित्रहो, उपग्रहाला ‘कुठे’ ते दिसते. ‘का’ ते दरवेळी सांगता येत नाही. हुमणीने मुळे खाल्ली, पाणी कमी पडले की जास्त झाले, नकाशावर तिन्ही ठिकाणी रंग तसाच उतरू शकतो. म्हणूनच या शास्त्रातले जाणकार प्रत्यक्ष शेतात जाऊन पडताळणी करतात. आपल्या बोलीत ही पडताळणी पिढ्यान्‌पिढ्या साठलेली आहे. वाफसा म्हणजे नुसता ओलावा नव्हे; मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ती स्थिती आहे. ‘मृदा आर्द्रता’ म्हटल्याने ती कळत नाही. चोपण, मुरमाड, मळीची जमीन, उसातले नांगे, तांबेरा हे शब्द म्हणजे निदाने आहेत.

अकादमीला माझी विनंती एवढीच की, परिभाषेचे काम केवळ कोश समोर ठेवून होऊ नये. कृषी विद्यापीठांतले जाणकार आणि बांधावरचे वृद्ध शेतकरी यांना एकत्र बसवावे. तालुक्यातालुक्यातले शब्द अर्थासह टिपावेत. नेमके कारण ठाऊक नसेल, तेव्हा ‘ताण आहे’ असे न लिहिता ‘या गुंठ्यातला ऊस फिका दिसतो, जाऊन पाहा’ असे साधे मराठी लिहावे. हे काम लवकर व्हायला हवे. आबांना ठाऊक असलेले कितीतरी शब्द मला ठाऊक नाहीत, आणि मी मराठीचा डॉक्टर आहे.

आम्ही त्या तुकड्यात चर काढला, माती तपासून जिप्सम घातले. नकाशावर तो अजून लालच दिसतो. चोपण एका हंगामात सुधारत नाही. पण आता लाल रंग दिसला की पुतण्या मोटारीकडे न जाता आधी आबांना घेऊन बांधावर जातो.