'ते' की 'तो' : एका यंत्रमानवाविषयीचे अभिप्राय

(अकादमीच्या शिक्षक-विद्यार्थी शिबिरात केलेले भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती छापताना कमी केली आहे.)



मला दिलेला विषय 'आस्वाद आणि अभिप्राय' असा आहे. या विषयावर बोलताना भरतमुनींपासून सुरुवात करायची आणि वेळ संपेपर्यंत जेमतेम अभिनवगुप्तांपर्यंत यायचे, अशी आपल्याकडची प्रथा आहे. मीही ती अनेकदा पाळली आहे. आज ती मोडतो. मी बोलणार आहे एका अमेरिकन ॲनिमेशनपटाबद्दल आणि त्याहून अधिक, तो पाहून माझ्या विद्यार्थ्यांनी मराठीत जे लिहिले त्याबद्दल.

चित्रपटाचे नाव 'द आयर्न जायंट'. 1999 साली तो आला, दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. मूळ पुस्तक इंग्रज कवी टेड ह्यूज यांचे, 'द आयर्न मॅन', 1968 सालचे. चित्रपटाची कथा घडते ऑक्टोबर 1957 मध्ये, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या रॉकवेल नावाच्या एका कल्पित गावात. रशियाचा स्पुटनिक नुकताच आकाशात गेलेला आहे. शाळेत मुलांना अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली कसे लपायचे याची फिल्म दाखवली जाते. अशा दिवसांत आकाशातून एक प्रचंड लोखंडी यंत्रमानव पडतो. हॉगार्थ नावाचा मुलगा त्याला वीजकेंद्राच्या तारांत अडकलेला पाहतो आणि धीर करून बटण बंद करतो. तिथून मैत्री सुरू होते. भंगारातून शिल्पे करणारा डीन त्याला आपल्या आवारात लपवतो, केंट मॅन्सली नावाचा सरकारी अधिकारी माग काढतो, पुढे लष्कर येते.

मी आत्ता 'त्याला' म्हणालो, 'त्या यंत्राला' म्हणालो नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट चालला नाही. खर्च सुमारे 5 कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई सुमारे 2 कोटी 30 लाख. समीक्षकांनी वाखाणला, पण जाहिरात तोकडी पडली आणि प्रेक्षक आलेच नाहीत. पुढे दूरदर्शन-वाहिन्यांवर आणि घरच्या व्हिडिओवर तो पाहिला गेला, मुलांनी पाहिला, ती मुले मोठी झाली आणि आज त्याच्याबद्दल जिव्हाळ्याने बोलणाऱ्यांत बरीचशी तीच आहेत. मीही तो घरातच, मुलाबरोबर सीडीवर पाहिला, आणि बराच काळ त्याला 'मुलाचा सिनेमा' समजत होतो.

गेली काही वर्षे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी हा चित्रपट दाखवतो. दाखवून झाला की चहाची सुट्टी न देता लगेच एक कोरा कागद देतो. काय वाटले ते मराठीत लिहा. नाव घालायची सक्ती नाही, गुण नाहीत. वर्ग संमिश्र असतो. काहींच्या घरी अजून शुद्ध मराठी, काहींच्या घरी आजीशी मराठी आणि बाकी सगळ्यांशी हिंदी. हे कागद मी जपून ठेवले आहेत. हे संशोधन नव्हे, नमुना-निवड वगैरे काही केलेली नाही. एका मास्तराच्या कपाटातला गठ्ठा आहे, इतकेच.

पहिल्या वर्षीचे कागद वाचताना मला एक गोष्ट दिसली आणि मग ती प्रत्येक वर्षी दिसत राहिली. बरीच मुले सुरुवातीला लिहितात, 'ते मशीन आकाशातून पडतं', 'ते लोखंड खातं'. मग जंगलातला प्रसंग येतो. हॉगार्थ आणि यंत्रमानव एका हरणासमोर येतात, थोड्या वेळाने बंदुकीचा आवाज होतो, हरीण मरून पडते आणि यंत्रमानव त्याला बोटाने हलवून पाहतो. या प्रसंगानंतर त्याच कागदावर, बहुधा लिहिणाऱ्याच्याही नकळत, 'तो' सुरू होतो. 'त्याला कळत नाही', 'तो मुलाला विचारतो'. शेवटाकडे, मुलगा मेला अशा समजुतीने यंत्रमानवाच्या अंगातून शस्त्रे बाहेर येतात, तिथे एका कागदावर पुन्हा 'ते सगळं जाळत सुटतं' असे आहे. दोन ओळींनंतर हॉगार्थ समोर येतो आणि 'तो थांबतो'.

मित्रहो, याहून नेमका अभिप्राय मी लिहू शकलो नसतो. ब्रॅड बर्ड यांनी मुलाखतींत सांगितले आहे की त्यांची बहीण बंदुकीच्या गोळीने मारली गेली आणि त्या दुःखातून या चित्रपटाचा प्रश्न त्यांना सुचला: बंदुकीलाच आत्मा असेल आणि तिला बंदूक व्हायचे नसेल, तर? हे माझ्या मुलांना ठाऊक नव्हते. पण वस्तू कुठे संपते आणि कोणीतरी कुठे सुरू होते, ती जागा त्यांच्या सर्वनामांनी बरोबर पकडली. मराठीला तीन लिंगे आहेत याचा परीक्षेबाहेर इतका उपयोग झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

आता माझ्याच म्हणण्याला दोन आडकाठ्या. एक, आपल्याकडे दिवसभर कानावर हिंदी असते, हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि आपल्या मुलांच्या बोलण्यातले 'ते' मुळातच डळमळीत झाले आहे. कोणी पहिल्यापासून 'तो' लिहिले असेल तर ते प्रेमाने की सवयीने, सांगता येत नाही. दुसरी हरकत माझ्या एका भाषाशास्त्राच्या सहकाऱ्याने घेतली आणि ती जास्त गंभीर आहे. ते म्हणाले, अहो, मूल 'ते', लेकरू 'ते', पिल्लू 'ते', तुमचे ते हरीणसुद्धा 'ते'. नपुंसक म्हणजे निर्जीव असे मराठीत कुठे आहे? मी कागद पुन्हा काढले. खरोखरच एका मुलीने शेवटपर्यंत 'ते' ठेवले होते, पण 'ते बिचारं', 'ते घाबरतं' असे. आधी मी तो कागद 'हिला चित्रपट भिडला नाही' या गठ्ठ्यात टाकला होता. तिच्या लेखी पन्नास फूट उंचीचा तो प्राणी एक चुकलेले पोर होता. ती वाचत होती बरोबर, मी वाचत होतो चुकीचे.

या चित्रपटाबद्दल जगभरच्या प्रेक्षकांत जे मतभेद आहेत, ते आमच्या वर्गातही आपोआप उमटले. एक नेहमीचा: हा मुलांसाठी आहे का? हरणाचा मृत्यू, अणुक्षेपणास्त्र, समोर येऊन ठेपलेले मरण, हे सगळे लहानांना कशाला? शाळेतल्या शिक्षकांपुढे एकदा हा चित्रपट दाखवला तेव्हा हा प्रश्न फार जोराने आला. मला त्यात फारसा दम वाटत नाही. आपल्या गोष्टींत कावळ्याचे घर वाहून जाते, राक्षस माणसे खातो, आणि 'श्यामची आई' वाचताना रडलेली पिढी इथे समोर बसलेली आहे. मुलांना मृत्यू दाखवू नये असे नाही, तो दाखवून त्यांना एकटे सोडू नये. इथे हॉगार्थ रात्री यंत्रमानवाजवळ बसून त्याविषयी बोलतो. मृत्यूविषयी एक मूल दुसऱ्या कोणाला तरी समजावते आहे, असे दृश्य मी फार पाहिलेले नाही.

दुसरा मतभेद मात्र मला महागात पडला. चित्रपट लष्करविरोधी आहे, असे मी दाखवण्यापूर्वीच्या दोन वाक्यांत सांगून टाकत असे. पुष्कळ प्रेक्षक तसे म्हणतात, आणि कागदांवरही ते वाक्य माझ्याच शब्दांत परत यायचे. एका वर्षी महूहून येणारी एक विद्यार्थिनी होती, वडील लष्करात. तिने कागदावर काही लिहिले नाही, चर्चेत उठून उभी राहिली. म्हणाली, सर, तुम्ही जनरलकडे पाहिलंच नाही. मी म्हटले, रणगाड्यांना गोळीबाराचा हुकूम कोण देतो? ती म्हणाली, तोच देतो, पण मुलगा मेला हे खोटं त्याला मॅन्सलीने सांगितलेलं असतं. मुलगा जिवंत दिसतो, यंत्रमानव शांत झालेला दिसतो, तेव्हा जनरल बंदुका खाली करायला लावतो. त्याच्या हातातला वायरलेस हिसकावून क्षेपणास्त्र सोडायचा हुकूम देतो तो मॅन्सली, आणि तो गणवेशातला नाही. क्षेपणास्त्र आपल्याच डोक्यावर पडणार हे कळल्यावर जीपमध्ये बसून पळायला बघतो, तोही मॅन्सलीच. जनरल त्याला पळू देत नाही.

वर्ग गप्प. मी त्या दिवशी घरी जाऊन तो भाग पुन्हा पाहिला. तिचे शब्दशः खरे होते. मी हा चित्रपट तोवर किमान सहा-सात वेळा पाहिला होता आणि दरवेळी माझे मतच पाहिले होते. त्यानंतर मी दाखवण्यापूर्वी काही बोलत नाही.

तिसरा वाद शेवटाचा. क्षेपणास्त्र गावावर येऊ लागते, यंत्रमानव हॉगार्थला मागे थांबायला सांगून वर झेपावतो आणि आकाशात त्याला धडकतो. गाव वाचते. पुढे गावात त्याचा पुतळा उभा राहतो, आणि जनरल हॉगार्थला एक छोटे पार्सल पाठवतो, सापडलेला एकुलता एक स्क्रू. रात्री तो स्क्रू आपोआप सरकू लागतो. हॉगार्थ खिडकी उघडून त्याला जाऊ देतो. शेवटच्या दृश्यात आइसलँडच्या हिमनदीवर त्याचे विखुरलेले तुकडे डोक्याकडे चालत निघालेले दिसतात.

मोठ्या वयाचे प्रेक्षक इथे नाराज होतात. बलिदान दिले, मग परत कशाला आणता? ही फसवणूक आहे, मुलांना रडवून लगेच गोळी द्यायची. हे मत उडवून लावण्यासारखे नाही. मी स्वतः बरीच वर्षे त्याच बाजूचा होतो. पण लहान प्रेक्षक जवळजवळ कधीच असे म्हणत नाहीत, आणि त्याचे कारण त्यांचा भाबडेपणा आहे असे मला आता वाटत नाही. कारण त्यांना पूर्वार्ध आठवत असतो. रुळावरच्या अपघातात यंत्रमानवाचे तुकडे झालेले आपण आधीच पाहिलेले असतात. ते तुकडे आपापले परत जोडले जातात, फक्त एक हात मागे राहतो, तो हॉगार्थच्या मागोमाग घरात शिरतो, आणि जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणता म्हणता हॉगार्थ त्याला बाहेर हाकलतो. सगळे थिएटर तिथे हसते. दिग्दर्शकाने शेवटाची गुंतवणूक त्या हसण्यात करून ठेवलेली असते. आपण मोठी माणसे विनोद विसरतो आणि करुण तेवढे लक्षात ठेवतो, म्हणून शेवट आपल्याला उपरा वाटतो. शिवाय उडी घेताना आपण पुन्हा जोडले जाऊ याचा भरवसा यंत्रमानवाला असावा, असे काही चित्रपटात नाही. म्हणजे बलिदान कमी होत नाही. तरीही, स्क्रू खिडकीतून गेला तिथेच थांबले असते तर मला अधिक आवडले असते. हिमनदी जरा जास्त झाली. हे माझे मत, यावर वाद घाला.

ह्यूज यांच्या पुस्तकावर प्रेम असणाऱ्यांची तक्रार वेगळी. पुस्तकात शीतयुद्ध नाही, मॅन्सली नाही. तिथे अवकाशातून एक अजस्र ड्रॅगन येतो आणि लोहमानव त्याला आगीच्या कसोटीत हरवतो. ती पुराणकथा गेली आणि तिच्या जागी राजकारण आले, असे ते म्हणतात. गेली खरी. पण तुटलेले अवयव एकमेकांना शोधत फिरतात, ही कल्पना पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणातली आहे. बर्ड यांनी ती सुरुवातीलाही ठेवली आणि शेवटालाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगतो आहे तिच्याकडे येतो. एका वर्षी महाविद्यालयात ठरले की हा उपक्रम अंतर्गत मूल्यमापनात घ्यावा. दहा गुण. मीच होकार दिला, दोष दुसऱ्या कोणाचा नाही. त्या वर्षीचे कागद तुम्ही पाहायला हवेत. 'सदर चित्रपटात दिग्दर्शकाने मानवी मूल्यांची प्रभावी हाताळणी केली आहे.' 'पात्रचित्रण सजीव असून वातावरणनिर्मिती उत्कृष्ट आहे.' तीच मुले, तोच पडदा. हरीण नाही, हात नाही, स्क्रू नाही. 'तो'ही नाही आणि 'ते'ही नाही, सगळीकडे 'सदर यंत्रमानव'. आम्ही बारावीपर्यंत गाईडमधून आणि पुढे आमच्या नोट्समधून त्यांना ही भाषा शिकवली आहे, आणि गुण म्हटल्याबरोबर त्यांनी ती निमूटपणे काढून दिली. त्या मुलांना मते नव्हती असे नाही. सुट्टीत कॅन्टीनमध्ये जनरलवरून भांडण चाललेले मी माझ्या कानांनी ऐकले. कागदावर मात्र त्यांना वाटले, इथे मराठी लिहायची आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जास्त टोचायला हवे. इथे मुलाला मराठीत लिहायची सक्ती शाळा-कॉलेजाखेरीज कोणी करत नाही. तिथेच तिला 'सदर'ची भाषा म्हणून ओळख झाली, तर ज्या गोष्टीवर खरोखर भांडायचे आहे ती गोष्ट तो हिंदीत भांडेल. भांडतोच आहे.

पुढच्या वर्षी मी गुण काढून टाकले. एक अट मात्र घातली: जे मत द्याल त्याला चित्रपटातली जागा दाखवा, एक तरी. महूच्या त्या मुलीने मला हेच करून दाखवले होते. त्या वर्षी एका मुलीने शेवटाबद्दल लिहिले, 'खिडकी उघडल्यावर तो निघून गेला.' मी समासात विचारले, तो म्हणजे कोण, स्क्रू की यंत्रमानव? मराठीत स्क्रूही पुल्लिंगीच, त्यामुळे कळेना. तिने खाली लिहून कागद परत दिला, 'सर, मलाही तिथे वेगळं करता आलं नाही.'

मी सात कागदांच्या झेरॉक्स आणल्या आहेत, नावे काढून. चार गुण नसलेल्या वर्षांचे आहेत, तीन त्या दहा गुणांच्या वर्षाचे. मागच्या बाकांपर्यंत पोहोचवा. दहा मिनिटे वाचा, आणि माझ्या म्हणण्याला ज्यांचा विरोध असेल त्यांनी आधी बोलावे.