चौरस फुटांचा हिशेब

सिंगापुरात पाया लेबार भागात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाला आधी चौरस मीटरशी जुळवून घ्यावे लागते. हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला १०.७६४ ने गुणायचे. ९० चौरस मीटरचा फ्लॅट सुमारे ९६९ चौरस फुटांचा भरतो.

खोली स्वतः मोजायची तर लांबी गुणिले रुंदी. हॉल काटकोनात वळलेला असेल, तर त्याचे दोन आयत पाडून बेरीज करावी.

खरी मेख आहे ती मोजणी कुठपर्यंत करायची यात. सिंगापुरात १ जून २०२३ पासून नव्या प्रकल्पांच्या अर्जांत क्षेत्रफळ भिंतीच्या मध्यापर्यंत मोजतात. महाराष्ट्रात २०१६ च्या रेरा कायद्यानुसार चटई क्षेत्रात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळतात. त्यामुळे पुण्यातल्या आणि पाया लेबारमधल्या दरांची तुलना करण्यापूर्वी बाल्कनीची जागा आकड्यात धरली आहे का, हे आराखड्यावर तपासावे.