उतरत्या पाण्याकाठचा वसंत



चैत्राच्या सुमाराला व्याख्यानमाला भरवायची आपली रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासूनची. पण त्या मालांमधून वसंत बहुधा नावापुरताच असतो. बोलणं चालतं ते राजकारणावर नाहीतर अर्थकारणावर. मी मात्र वसंतावरच बोलणार आहे, तोही हिडकलच्या पाण्याकाठी पाहिलेल्या. मी साहित्यिक नाही. निपाणीत चाळीस वर्षं साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या पुड्या बांधणारा डॉक्टर आहे, एवढं ध्यानात घेऊन पुढचं वाचा.

आमच्या औषधपेटीत युरोपातला वसंत बाटल्यांतून भरलेला असतो. पल्सॅटिला हे तिकडच्या माळावर ईस्टरच्या सुमाराला उमलणारं लवदार जांभळं फूल. अर्निका आणि कॅमोमिला हीसुद्धा तिकडचीच फुलं. पल्सॅटिला मी किती दिलं याला मोजदाद नाही, पण ते फूल काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याचं दुःख नाही. दवाखान्यातून घरी जाताना रोज ज्या झाडाखालून गेलो, ते करंजाचं आहे हे मला साठीला आल्यावर कळलं, याची मात्र लाज वाटते. निपाणीत फाल्गुन-चैत्र म्हणजे तंबाखूच्या वखारींचे दिवस. त्या खकाण्यात राबून आलेल्या बायका संध्याकाळी खोकत, शिंकत बाकावर बसलेल्या असायच्या. माझ्या लेखी वसंत हा लोकांच्या नाकातून वाहणारा ऋतू होता.

मुलाने दवाखाना हाती घेतला, तेव्हा आम्ही दोघांनी हुक्केरी तालुक्यात, घटप्रभेच्या फुगवट्याकाठी वीस गुंठे जागा घेऊन दोन कौलारू खोल्या बांधल्या. नातू त्याला ‘लेक हाउस’ म्हणतो. पावसात ते चार ठिकाणी गळतं. समोरच्या पाण्याचं कागदोपत्री नाव राजा लखमगौडा जलाशय. धरण १९७७ साली पुरं झालं, साठा सुमारे ५१ टीएमसी. आपण सगळे हिडकलच म्हणतो.

पुस्तकातलं सरोवर वसंतात काठोकाठ असतं, त्यात कमळं असतात. आपलं सरोवर वसंतात उतरतं. दसऱ्याला पायरीखाली डुचमळणारं पाणी पाडव्याला तीनशे पावलं मागे गेलेलं असतं आणि मधे भेगाळलेला गाळ उरतो. पहिल्या वर्षी मला फसवल्यासारखं वाटलं होतं. मग हळूहळू दिसायला लागलं, की नेमक्या याच कोरड्या दिवसांत झाडं फुलतात. आधी काटेसावर, मग पांगारा आणि पळस. पानं गाळून झाड पाण्याचा खर्च थांबवतं आणि शिलकीवर फुलतं. आड यायला पानं नसल्यामुळे लाल रंग पाखरांना लांबून दिसतो. तुम्ही कधी गेलात तर सकाळी सातच्या आत पळसासमोर खुर्ची टाकून बसा. साळुंक्या, बुलबुल आणि इवलासा शिंजीर फुलात चोच घालून मध पितात आणि डोक्याला पराग माखून दुसऱ्या झाडावर जातात. नऊनंतर ऊन चढतं, पाखरं पांगतात. मग घरात येऊन कांदेपोहे खावेत. (आमच्याकडे कांद्याशिवाय.) एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो तो थेट चहाच्या कपात. पाडव्याला कडुलिंब फुललेला असतो. आम्ही त्याची फुलं गुळाबरोबर वाटतो, शेजारचं कानडी घर त्याला बेवू-बेल्ल म्हणतं. झाड एकच, कुंपणावरचं.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं. घरात ते होतं. मी ते काढलं या खोल्यांत आल्यावर.

बागेचं सगळंच काही रम्य नसतं. आमची आई झाडावरचं फूल तोडत नसे, पडलेली वेचायची. तिचे संस्कार घेऊन मी आंब्याखाली उभा राहिलो, तर मोहोरावर तुडतुडे. फवारावं तर जीवहिंसा, न फवारावं तर मोहोर गळतो. मी गळू दिला. सौ.ही जैनच, पण तिने लोणच्याचा हिशेब मांडून दाखवला. हा वाद अजून मिटलेला नाही.

बागेत मदतीला एक आजोबा येतात. पंच्याहत्तरीचे आहेत, घरी कानडी, आमच्याशी मराठी. पळसाला ‘मुत्तुग’ म्हणतात आणि पत्रावळी अशा टाचतात की पाहत राहावं. पहिल्या वसंतात शेळ्यांनी सौ.चा मोगरा खाल्ला, म्हणून मी पाण्यापर्यंत तारेचं कुंपण घालायला काढलं. आजोबांनी चार दिवस निमूट खड्डे खणले. पाचव्या दिवशी एका जागी पहार टेकून उभे राहिले.

“डॉक्टर्री, हितनं वाट हाय.”

“कसली वाट? खाली तर पाणी आहे.”

“पानी उतरलं की हाय.”

वैशाखात त्यांनी मला त्या वाटेने नेलं. फुगवट्यातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर तुम्ही ऐकून असाल. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की ते वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. आजोबांचं तसं काही नावाजलेलं नव्हतं. विहिरीचा अर्धा कठडा होता, उंबऱ्याचा एक दगड होता. धरण भरलं तेव्हा ते पंचविशीत होते, लग्नाची वरात याच वाटेने आली होती. पाच-दहा मिनिटं दगडावर बसले, तंबाखू मळली, मला डॉक्टर म्हणून ती दिसू नये अशा बेताने तोंडात टाकली आणि उठले. मी खुर्ची टाकून ज्या निळ्या पाण्याकडे रोज बघत होतो, ते त्यांच्या जोंधळ्याचं रान होतं. पाण्याबद्दल ते वाईट बोलले नाहीत. खालच्या अंगाची शेतं त्याच्यावरच पिकतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

कुंपणात चार हात जागा मोकळी सोडली. उन्हाळ्यात ते तिथून खाली जाऊन गाळपेर करतात. आणखीही दोन-तीन घरं त्याच वाटेने जातात. शेळ्याही तिथूनच येतात. यंदा चैत्रात त्यांनी मोगऱ्याची दोन रोपं बुडासकट संपवली, सौ. दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी आजोबा गाळातल्या कोवळ्या काकड्या पायरीवर ठेवून गेले. तिने त्या धुतल्या आणि सूर्य मावळायच्या आत कोशिंबिरीला घेतल्या.