फुटाचा भाव शेवटी काढायचा

आम्ही वसईजवळच्या उमेळ्याच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आम्ही पाच जणी लग्नाचे हॉल, ऑफिसं आणि रिसॉर्टमधली कारपेट धुऊन देण्याचं काम करतो. बऱ्याच गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही भाव कसा लावता?" म्हणून आज फक्त भावाबद्दलच बोलतो. मशीन कसं चालवायचं ते रेडिओवर सांगून कळायचं नाही, त्यासाठी प्रत्यक्षच भेटायला हवं.

आधी आमच्या पहिल्या मोठ्या कामाची फजिती ऐका. एका हॉलवाल्यांचा फोन आला. हॉल चाळीस बाय साठ, म्हणजे 2400 फूट. त्यांनी विचारलं, "फुटाला काय घेता?" आम्ही कुठूनतरी ऐकलं होतं की दोन रुपये घेतात. तेच सांगून टाकलं. 4800 रुपये! आम्हाला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं. एका दिवसात काम उरकू म्हणून सकाळच्या टेम्पोने गेलो.

तिथे गेल्यावर बघतो तर काय, स्टेजवर कारपेट, स्टेजच्या पायऱ्यांवर कारपेट, जेवणाच्या हॉलकडे जाणाऱ्या बोळातही कारपेट. फोनवर त्याचं कुणी नाव काढलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. तीनशे खुर्च्या आम्हीच उचलल्या, आम्हीच परत लावल्या. मेणबत्तीचं मेण, हळद, च्युइंगगम, सगळं होतं. एक दिवसाचं काम दोन दिवस चाललं. भाड्याच्या मशीनचे दोन दिवसांचे 1200, टेम्पोचे 900, शाम्पू आणि डागाच्या औषधाचे 520, चहा-जेवणाचे 300. खर्च झाला 2920. हातात उरले 1880. पाच जणींचे दोन दिवस म्हणजे दहा रोज. एका रोजाला पडले 188 रुपये.

वाडीत भाजी खुडायला गेलो असतो तरी याहून जास्त मिळाले असते. आमच्यातल्या एका ताईने मुलाची क्लासची फी त्या पैशांतून भरायचं ठरवलं होतं. तिने पैसे मोजले, पदराला बांधले आणि म्हणाली, "मी उद्यापासून येत नाही." तिचं काही चुकलं नव्हतं. गट मोडायचा तो तिथेच मोडला असता. त्या रात्री खजिनदार ताईंच्या ओटीवर बसून आम्ही पहिल्यांदा नीट हिशेब मांडला आणि तेव्हा लक्षात आलं की आम्ही उलटीकडून सुरुवात केली होती. आधी फुटाचा भाव बोललो आणि मजुरी शेवटी जी उरेल ती घेतली. आता आम्ही मजुरी आधी धरतो. फुटाचा भाव सगळ्यात शेवटी काढतो.

तर पहिलं म्हणजे, जागा बघितल्याशिवाय भाव बोलायचा नाही. समोरचा कितीही म्हणो, "अंदाजे सांगा ना." अंदाजे सांगितलेला आकडाच तो धरून बसतो. आम्ही दोघी जातो. बरोबर मोजपट्टी, वही, टॉर्च आणि एक पांढरं फडकं नेतो. मोजायचं ते कारपेट, खोली नाही. ऑफिसवाले कधी मीटरमध्ये सांगतात. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट धरा. मोकळा हॉल आणि टेबलांनी भरलेलं ऑफिस, दोन्ही हजार फूट असले तरी काम सारखं नाही. आम्ही घड्याळ लावून बघितलंय. एक मशीन आणि दोघी, मोकळ्या हॉलमध्ये तासाला पावणेतीनशे फूट होतं. टेबलं-वायरी असल्या तर दीडशेवर येतं. हे आमचं झालं. तुमचा वेग तुम्हीच मोजा, आमचा आकडा उचलू नका. पायऱ्या फुटात धरूच नका, नगावर धरा.

मग कारपेट कशाचं आहे ते बघायचं. हॉल-ऑफिसात बहुतेक नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं असतं, ते सोसतं. पण एखाद्या जुन्या हॉटेलात भदोहीचा लोकरीचा हातविणीचा गालिचा निघाला, तर आपली कपड्याची पावडर त्याला लावायची नाही. ती कडक असते, लोकर खराब होते. मालकाला विचारून उलट्या बाजूच्या कोपऱ्यातला एक धागा काढा आणि जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. वितळून टोकाला गोळी झाली तर प्लॅस्टिकच्या जातीचं. तागाचं किंवा काथ्याचं असेल तर पाणी लागल्यावर तपकिरी डाग उठतात, ते काम आम्ही सरळ नको म्हणतो. ओलं पांढरं फडकं कोपऱ्यात दाबून ठेवलं की रंग जातो का तेही कळतं. ही दहा मिनिटं वाचवायला गेलात तर एखाद्या दिवशी गालिच्याची भरपाई द्यावी लागेल.

डागांबद्दल एक ऐकून ठेवा, कारण लग्नाच्या हॉलमध्ये हे हमखास घडतं. हळदीच्या डागावर साबण घातला की तो लाल होतो. घरी साडीवर आपण सगळ्यांनी ते पाहिलंय. पण हॉलचा मालक तो लाल डाग बघून ओरडतो, "अहो, हे काय केलंत!" म्हणून आधीच सांगायचं आणि कागदावर लिहायचंही, की हळद पूर्ण जाईलच असं नाही. साडी आपण उन्हात टाकतो तसं हॉलचं कारपेट कुठे टाकणार? मेणावर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, च्युइंगगमवर बर्फ ठेवून ते कडक झालं की खरवडायचं. यात वेळ जातो, आणि वेळ म्हणजे मजुरी. डाग मोजून वहीत लिहायचे.

पाण्याचं तर विचारूच नका. आपल्या पट्ट्यात बोअरला खारं पाणी लागतं. गावाच्या कडेला मिठागरं आहेत, मीठ ओल धरतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खाऱ्या पाण्याने धुतलेलं कारपेट वाळलं तरी चिकट राहतं आणि धूळ पटकन पकडतं. त्यामुळे पाणी कुठलं, नळ किती लांब, वीज किती भार घेते, घाण पाणी कुठे ओतायचं, हे बघायला गेल्यावरच विचारायचं. गोडं पाणी विकत घ्यावं लागलं तर तो खर्च भावात जातो.

पावसाळ्याचा भाव आम्ही वेगळा लावतो, आणि हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. जुलैमध्ये वालीवच्या बाजूच्या एका ऑफिसचं काम शनिवारी करून आलो. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वाळतं म्हणून इथेही वाळेल असं धरलं. ते दारं-खिडक्या बंद करून गेले. सोमवारी फोन आला, कुबट वास मारतोय. एक-दोन दिवस ओल राहिली की बुरशी धरायला सुरुवात होते. पुन्हा जाऊन, पंखे भाड्याने आणून, सगळं फुकटात करून द्यावं लागलं. आता जून ते सप्टेंबर पाणी कमी वापरतो, पाणी ओढायला मशीन दोनदा फिरवतो, पंख्यांचं भाडं आणि दुसऱ्या दिवशी बघायला जायची एक फेरी भावात धरतो. कुणाला महाग वाटलं तर म्हणतो, दिवाळीपर्यंत थांबा.

आता तोच पहिला हॉल आम्ही आज कसा मांडू ते सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या. स्टेज आणि बोळ धरून 2750 फूट. तासाला पावणेतीनशेने मशीनचे दहा तास. मशीनवर दोघी, झाडणं आणि डागांना तिघी, म्हणजे पाच जणींचे दहा तास, पन्नास झाले. सामान चढवणं-उतरवणं आणि जाणं-येणं प्रत्येकीचे दोन तास, ते दहा. एकूण साठ तास. तासाला 70 रुपये मजुरी धरली तर 4200. टेम्पो 900, औषधं 600, चहा-जेवण 300, पंखे 400. मशीन आता आमचं आहे, कर्ज काढून घेतलेलं. ते किती तास चालेल त्यावर किंमत, व्याज आणि दुरुस्ती वाटून तासाला 60 रुपये पडतात, दहा तासांचे 600. सगळं मिळून 7000. खुर्च्या यात नाहीत. त्या हॉलच्या माणसांनी हलवायच्या, नाहीतर त्याचे वेगळे पैसे.

7000 हा खर्च झाला, भाव नव्हे. फोन, बघायला जाऊन न मिळालेली कामं, गटाचा फंड आणि थोडा नफा यासाठी आम्ही बिलाच्या शंभरातले वीस ठेवतो. इथे आम्ही बरेच दिवस चुकत होतो. 7000 चे वीस टक्के 1400, मिळवले की 8400, झालं, असं वाटायचं. पण 8400 चे वीस टक्के काढा, 1680 येतात. आपल्याकडे उरले 1400 च. बिलातले वीस हवेत तर खर्च ऐंशीत बसला पाहिजे. म्हणून 7000 ला 80 ने भागायचं आणि 100 ने गुणायचं: 8750. आता 2750 फुटांनी भागा, फुटाला साधारण 3 रुपये 20 पैसे. हा झाला त्या हॉलचा भाव. दुसऱ्या हॉलचा वेगळा येईल. छोट्या कामाला एक किमान रक्कम ठेवा, कारण टेम्पो दोनशे फुटांनाही तेवढाच लागतो.

दर महिन्याचं काम देतो, भाव कमी करा, असं म्हणतात. कमी करावा की नाही? आम्ही करतो, पण तास कमी झाले तेवढाच. दर महिन्याला धुतलेलं कारपेट कमी मळतं, पटकन होतं, तो फायदा त्यांनाही द्यावा. नुसत्या आशेवर कमी करायचं नाही. आमच्याकडे नाताळ झाला की उपवासकाळ लागेपर्यंत ख्रिस्ती लग्नांची घाई असते, आणि तुळशीचं लग्न लागलं की हिंदू लग्नं सुरू होतात ती जूनपर्यंत चालतात. तेव्हा हॉलवाल्यांना दोन लग्नांमधली एकच रात्र मिळते. रात्रीच्या कामाची मजुरी आम्ही जास्त धरतो. घरी परतायची गाडीही त्यांच्याकडूनच घेतो, त्यात भीड नाही.

कागदाचं थोडक्यात. किती फूट, काय करणार, काय नाही, कधी वाळेल, पैसे कधी, हे लिहून सही घ्या आणि थोडा ॲडव्हान्स घ्या. सेवेच्या कामात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचाही नाही. कंपन्या मोठ्या बिलातून टीडीएस कापतात. गटाच्या नावाचं पॅन कार्ड दिलं नाही तर तो वीस टक्के कापला जातो, म्हणून पॅन आधी काढा. उद्यम नोंदणी मोफत होते, तीही करा. नोंदणी असेल तर लेखी करारातसुद्धा 45 दिवसांपुढे पैसे लांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर 15 दिवस. कुणाशी भांडायला जायची गरज नाही, बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मुदत लिहा.

त्या पहिल्या हॉलवाल्यांना आम्ही पुढच्या वर्षी नवा भाव सांगितला. ते म्हणाले, दोन रुपयांत करणारे खूप आहेत. त्या संध्याकाळी आमच्यात चांगलंच वाजलं. दोघींचं म्हणणं, हातातलं काम कशाला घालवायचं? तेव्हा पदराला पैसे बांधून गेलेली ताई, जी आता आमची मोजमापाची वही सांभाळते, तिने जुन्या पानावरचा 188 चा आकडा काढून समोर ठेवला. आम्ही ते काम सोडलं. ते अजून परत आलेले नाहीत. तो महिना रिकामाच गेला आणि मशीनचा हप्ता फंडातून भरावा लागला. त्यानंतर नायगावकडच्या दोन ऑफिसांचं काम लागलं, ते अजून चालू आहे.

एक सांगायचं राहिलं. मोजपट्टी शंभर फुटांची घ्या. आमची पहिली शिंप्याची होती, तिने हॉल मोजताना आमचा अर्धा तास आणि हॉलच्या वॉचमनची करमणूक, दोन्ही झालं.