दणदणाट घरी, शांतता थिएटरात



अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांबद्दल आज थोडं बोलणार आहे. काही थिएटरात जाऊन पाहिले, काही घरी दिवाणावर पाय पसरून. मी समीक्षक नाही, हौशी प्रेक्षक आहे. तेव्हा जे बोलेन ते एका प्रेक्षकाचं मत म्हणूनच ऐका.

आमच्या घरात एक नियम पडून गेला आहे आणि तो तुमच्याही घरात असेल. मारामारी, गर्दी, दणदणाट असला की थिएटर. चित्रपट शांत, संथ असला की, “येईल की ओटीटीवर, तेव्हा बघू!” हा नियम नेमका उलटा हवा, असं मला हल्ली वाटायला लागलं आहे.

सप्टेंबर 2025मध्ये आठवड्याच्या अंतरानं दोन मराठी चित्रपट लागले. 12 तारखेला सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’, 19 तारखेला रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’. ‘दशावतार’ला गर्दी होती. आज्या होत्या, नातवंडं होती. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर नजर अधू होत चाललेला दशावतारी कलावंत, बाबुली मेस्त्री, असा काही उभा करतात, की माणसं खुर्चीतच पुढे सरकून बसली. उत्तरार्ध मला लांबलेला वाटला, पण प्रभावळकरांनी तो खांद्यावर पेलला. पुढे हाच चित्रपट घरी पुन्हा पाहिला. मध्ये दूधवाला आला, दोन फोन झाले, सौभाग्यवतींनी कणीक मळून घेतली. तरी धागा कुणाचा सुटला नाही. जे सांगायचं ते हा चित्रपट खणखणीत आवाजात सांगतो.

‘साबर बोंडं’ला मात्र थिएटर जवळजवळ रिकामं. याच चित्रपटाला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. त्याला पुरुषांची ओढ आहे. आईवडिलांनी ते समजून घेतलेलं आहे, भावकीला त्याचा पत्ता नाही. भावकीचं एकच टुमणं : लग्न कधी करतोस? तिथे त्याला बालपणीचा मित्र बाल्या भेटतो. एवढीच गोष्ट. पार्श्वसंगीत नाही. शेळीचा आवाज, वारा, आणि दोन माणसांनी न बोलता काढलेला वेळ. आई-मुलाचं नातं तर बरंचसं अशा थांबण्यांतूनच कळतं. घरी असतो, तर पहिल्या दहा मिनिटांत माझा हात मोबाइलकडे गेला असता आणि उरलेलं कुकरच्या शिट्टीनं बुडवलं असतं. अंधारात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पाहत राहिलो. आणि पाहत राहिलो, म्हणूनच तो मला कळला.

आता आपल्या गावाचा, नाशिकचा चित्रपट. निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’ नोव्हेंबर 2022मध्ये आला, तेव्हा थिएटरात पाहिला होता. हल्लीच घरी पुन्हा लावला. जितेंद्र जोशींचा निशिकांत जुन्या नाशकातल्या वाड्यांचं भाडं गोळा करत, नदीवर चिडत गल्लीबोळांतून फिरतो. घरी आमचं काय झालं? “ही ती गल्ली ना?” “अगं, त्या दुकानाच्या पुढची!” जागा ओळखण्याच्या नादात निशिकांत बाजूलाच राहिला. थिएटरात हाच गोदाघाट मला परका वाटला होता. रोज ज्याच्या शेजारून जातो, तिकडे नीट पाहायला त्या पडद्यानं भाग पाडलं होतं.

या चित्रपटात स्मृती हरवत चाललेले आजोबा विक्रम गोखल्यांनी केले आहेत. चित्रपट लागला आणि त्याच महिन्यात ते गेले. त्यांचं नाशिकशी नातं फार जुनं. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके मुंबईहून नाशकात आले आणि त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. आधीच्या चित्रपटात तारामतीसुद्धा साळुंके नावाच्या पुरुषानं केली होती. या चित्रपटात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई. या कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. फाळक्यांचे हे चित्रपट मुके होते. पडद्यावरचा माणूस एक अक्षर बोलत नव्हता, तरी लोक तिकीट काढून जात होते.

शांत चित्रपट थिएटरात जास्त कळतो, त्याला मोठा पडदा हेच सगळं कारण आहे का? तसंही नाही. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ मी घरी पाहिला. आपल्याच जिल्ह्यातल्या नासिर शेख यांची ही गोष्ट. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता यंत्रमागाच्या गावात त्यांनी मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. पार्लरची खोली लहान, पडदा लहान. पण खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं उठत नाहीत आणि चित्र कुणी थांबवत नाही. थिएटरचं खरं बळ मला यात दिसतं. घरी चित्रपट आपल्या सवडीनं चालतो. तिथे आपण त्याच्या सवडीनं बसतो, आणि शांत चित्रपटाला असा बसलेला प्रेक्षक लागतो.

अडचण एवढीच, की अशा चित्रपटांना खेळ मोजके मिळतात, तेही भलत्या वेळी. पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पुढच्या शुक्रवारी ते उतरतात. म्हणून श्रोतेहो, एक विनंती. दणदणाटाचा चित्रपट घरी येईपर्यंत थांबलात तरी त्याचं फारसं बिघडत नाही. शांत मराठी चित्रपट लागला, की पहिल्याच आठवड्यात जा आणि मोबाइल बंद करून बसा.