विद्यापीठाचा मांडव आणि आपला ढोल

(मुळशी तालुक्यांतील एका शाळेच्या पटांगणांत गांवकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



भाताची झोडणी अजून निम्मी राहिली आहे आणि तुम्ही खळीं सोडून येथें बसलां आहांत, तेव्हां आम्ही फार वेळ घेत नाहीं. थंडी पडली कीं पुण्याच्या विद्यापीठांत आणि आपल्या लवळ्याच्या टेकड्यांवर उभ्या राहिलेल्या दोन विद्यापीठांत गाण्याबजावण्याचे, नाटकांचे व कलाकुसरीचे कार्यक्रम सुरू होतात. यंदाही ते होणार आहेत. त्यांपैकीं एका कार्यक्रमाचें आपल्या ढोल-लेझीम पथकास बोलावणें आलें आहे. सरपंच म्हणाले, "मास्तर, होकार कळवून टाका." आम्हीं अजून कळविला नाहीं. कां, तें सांगतों.

चार वर्षांमागें शहराकडील एका संस्थेचें असेंच बोलावणें आलें होतें. संस्थेचें नांव घेण्याचें कारण नाहीं. बत्तीस पोरें टेम्पोंत उभीं राहून गेलीं. पाहुण्यांच्या मोटारीपासून मांडवाच्या दारापर्यंत त्यांनीं ढोल वाजविला, लेझीम खेळली. पाहुणे आंत गेले आणि दार लागलें. आंत त्या दिवशीं लोककला याच विषयावर व्याख्यान होतें! पोरांनीं तें भिंतीबाहेर बसून कर्ण्यावर ऐकलें. वडापाव मिळाला, टेम्पोचें भाडेंही मिळालें, हें खरें सांगितलें पाहिजे. पण परत येतांना सहावींतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, ते आपल्याबद्दलच बोलत होते ना? मग आपल्याला आंत कां नाहीं घेतलें?" ट्रेनिंग कॉलेजांत आम्हीं पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें पाठ केलीं होतीं. त्यांत हें नव्हतें.

हें दार आजचें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं 1855 सालीं 'तृतीय रत्न' नांवाचें नाटक लिहिलें. जोशीबुवा एका गर्भार कुणबिणीला व तिच्या नवऱ्याला ग्रहदशेचा धाक घालून कसे नागवितात आणि शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेची वाट कशी धरतें, अशी त्यांत गोष्ट आहे. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेलें आणि परत आलें. कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनींच लिहून ठेविलें आहे. तें छापून लोकांच्या हातीं यावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. जोतीराव कांहीं रुसून बसले नाहींत. 1869 सालीं त्यांनीं शिवाजीराजांचा पवाडा रचून छापला. पुढें सत्यशोधकांचे जलसे डफ-तुणतुणें घेऊन गांवोगांव हिंडले. चावडीपुढें उभें राहण्यास कोणत्या कमिटीची परवानगी लागत नव्हती.

आतां 1949 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या विद्यापीठास 2014 सालापासून सावित्रीबाईंचें नांव आहे. ज्या माउलीच्या नवऱ्याचें नाटक परत आलें, तिचें नांव दारावर! असें झाल्यावरही आपण कोणत्याही विद्यापीठाच्या दाराशीं ढोल बडवून माघारी यावें, हें आम्हांस पटत नाहीं.

आंत काय असतें, तेंही ऐका. पुण्याच्या विद्यापीठांत 1987 सालापासून ललित कला केंद्र आहे. बारावी झालेल्या मुलास तेथें संगीत, नृत्य किंवा नाटक शिकून बी. ए. होतां येतें. राज्यांतील विद्यापीठांचा मिळून 'इंद्रधनुष्य' नांवाचा युवक महोत्सव 2003 पासून भरतो, निरनिराळ्या विद्यापीठांत. गाणें, लोकनृत्य, लोकवाद्यें, एकांकिका, मूकनाट्य, रांगोळी, इतकेंच नव्हे तर मातीकाम! कुंभारआळीच्या मंडळींनो, नीट ऐका. माती पुढें ठेवतात, वेळ नेमून देतात आणि परीक्षक बघत उभे राहतात. पोळ्याचे बैल ज्याच्या बोटांतून खेळतां खेळतां निघतात, तें तुमचें पोर तेथें लाजेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पण अडचण येथेंच आहे. त्या स्पर्धेंत उभें राहण्यास महाविद्यालयाच्या पटावर नांव लागतें. हात कितीही कसबी असो, पटावर नांव नाहीं तर जागा नाहीं. आमच्या शाळेंत एक मुलगी होती. ती प्रार्थना म्हणूं लागली कीं बाकीचीं पोरें आपोआप गप्प होत. दहावीनंतर तिची शाळा सुटली आणि अठरा पुरीं होतांच लग्न झालें. बापाला आम्ही दोष देत नाहीं. संध्याकाळची एस. टी. चुकली तर पोर घरीं कशी यावयाची, याला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें; आमच्यापाशींही नव्हतें.

बायांनो, हंसूं नका, आतां तुमचेंच सांगतों. पिठाची गिरणी आली आणि जातीं कोपऱ्यांत गेलीं. परंतु हेमा राईरकर आणि फ्रान्सांत जन्मलेले गी पॉइटवाँ हे दोघे आपल्या मुळशींतल्या डोंगरवस्त्यांवर आले, बायांपाशीं बसले आणि जात्यावरच्या ओव्या लिहून घेऊं लागले. राज्यांतल्या हजाराहून अधिक गांवांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. 2017 सालापासून 'पारी' या संस्थेनें त्या प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. मोबाइलवर ऐकतां येतात. कोळवड्याच्या बायांचे आवाज त्यांत आहेत. आणि पाहण्याजोगी गोष्ट ही कीं ओवीबरोबर गाणारणीचें नांव आणि तिचें गांव लिहिलें आहे. लग्नपत्रिकेवर ज्या बाईचें नांव धड येत नाहीं, तिचें नांव तेथें आहे.

कांहीं बापांच्या मनांत येईल कीं मास्तर पोरांना तमाशाच्या वाटेला लावतो. नारायणगांवच्या विठाबाईंस 1957 व 1990 सालीं राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला, आणि 2002 सालीं त्या गेल्या त्या पैशाच्या ओढाताणींतच. हें आम्ही विसरलों नाहीं. म्हणूनच ढोलावर पोट भरा असें आम्ही म्हणत नाहीं. बारावी व्हा, पदवी घ्या, मग ढोल गळ्यांत घाला. त्या ढोलाला कोणी दाराबाहेर ठेवूं धजणार नाहीं. निदान तें इतकें सोपें जाणार नाहीं.

तेव्हां होकाराच्या पत्रांत आम्हीं असें लिहिलें आहे: पथक येईल, पण वाजवून झाल्यावर पोरें मांडवांत बसतील आणि कार्यक्रम संपेपर्यंत बसतील. पथकाचें व गांवाचें नांव व्यासपीठावरून घ्यावें. ओव्या म्हणणाऱ्या दोघी म्हाताऱ्या बरोबर येतील. इतर गायकांस जें मानधन, तेंच त्यांस. आणि नववी-दहावीच्या मुलामुलींस कोणी तरी वर्ग, वाद्यें आणि वसतिगृह हिंडून दाखवावें, फीमाफीची माहिती द्यावी. वसतिगृह पाहिल्याशिवाय एस. टी.चें भय जाणार नाहीं.

नाहीं म्हणाले तर? तर माघांत याच पटांगणांत आपण जलसा करूं आणि त्यांस बोलावूं. पहिल्या रांगेंत बसवूं.

पत्र येथें टेबलावर आहे. ज्यांस मान्य असेल त्यांनीं सही करावी. बायांनींही करावी, नवऱ्याकडे पाहूं नये. आणि टेम्पोवाल्यास इतक्यांत कोणी शब्द देऊं नका.